बुजवलेला चर

९ मार्च

प्रिय धाकटे,

पत्र मिळालं. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र पूर्वीसारखंच चालतं. बाबांचं पंपदुरुस्तीचं दुकान रिकामं करून काल किल्ली मालकाला देऊन आले.

शेवटी बाबा तुझ्याबद्दल काही बोलले का, असं विचारलं आहेस. ते सांगतेच, पण आधी झाडाचं ऐक.

जूनमध्ये बाबांशी भांडून गेलीस, त्याच्या आदल्या दिवशी मोरीमागच्या कोपऱ्यात लावलेलं ते सरूसारखं झाड. "ओल असली की खूश असतं, आई. थंडीत सगळी पानं गाळेल, घाबरू नकोस," हे तू मला सांगितलंस. बाबांशी तू बोलतच नव्हतीस. ओलीचं तेवढं मी त्यांच्या कानावर घातलं. तिथे पाणी तुंबू नये म्हणून त्यांनीच पूर्वी चर खणला होता. तू गेल्यावर एका सकाळी पाहते तर तोच चर बुजवत बसलेले.

मी म्हटलं, "आता डास पाळायचेत का?"

"पोरीच्या झाडाला पाणी लागतं म्हणे."

झाडाची एवढी काळजी, पण तुला फोन करायचा म्हटलं की मूग गिळून गप्प. माझा राग तिथेच होता.

डिसेंबरात झाड पार बोडकं झालं. बाबा रोज त्याच्यापाशी जाऊन उभे राहायचे. "चर बुजवून मीच मुळं कुजवली," म्हणायचे. मी नखाने साल खरवडून पाहिली होती. आत हिरवं होतं. मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. पण मनात म्हटलं, जळू दे जरा जीव. सहा महिने माझा जळतोच आहे.

मग त्या दुपारी जेवताना म्हणाले, "तिला कळवू नकोस. तिचं एवढं एकच माझ्याकडे होतं."

मी म्हटलं, "कळवणारच."

ते ताटावरून उठले आणि आडवे झाले. चहाला उठवायला गेले तेव्हा अंग गार पडलं होतं.

तू आलीस, माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, किती केलंस गं त्यांचं. तेव्हा माझ्याने बोलवलं नाही.

परवापासून झाडाला कोंब फुटलेत. मला ते बघवत नाही. मी मागचं दार लावूनच ठेवते.

तर शेवटी ते तुझ्याबद्दलच बोलले, बाळा. उत्तर मी दिलं. माझ्याशी अबोला धरायचा तर धर, पण त्यांच्यावरचा राग आता सोड.

त्यांना खरं न सांगितलेली,
तुझी आई