मम्मीच्या नावाआधीचं ‘डॉ.’

तर काय म्हणत होते पप्पा, ती पाटी अजून दारावरच आहे. तुमी परभणीहून करून आणलेली, पितळी, मम्मीच्या नावाआधी ‘डॉ.’ असलेली. ती म्हणली होती, एवढी मोठी कशाला? तुमी म्हणलात, "एसटीच्या बोर्डावानी लांबून वाचता आली पायजे. आमा कंडक्टरला बोर्ड कळतो." दुसऱ्याच दिवशी शेजारची काकू जीभ बाहेर काढून दारात उभी! मम्मी म्हणते, "अवं काकू, मी झाडांची डॉक्टर हाय." काकू पण कमी नाही. "मंग माझ्या वांग्याला कीड लागलीय, ते तरी बघ." आणि मम्मी खरंच चप्पल घालून वांगी बघायला जाते, तुमी चहा सांडेपर्यंत हसायलात. तो हसण्याचा आवाज मला आता नीट आठवत नाही, पप्पा. लय प्रयत्न करते.

तुमी गेलात तेव्हा मी सहावीत होते. नंतरची तेरा वर्षंही मम्मीनं कॉलेजात तासिकेवरच काढली. जेवढे तास शिकवले तेवढीच नोकरी, मार्चमध्ये संपली की जूनमध्ये परत मुलाखत. त्याच कॉलेजात, त्याच लोकांपुढं दरवर्षी, "आपला परिचय द्या." यंदा बोलावणंच आलं नाही. पोरं कमी झाली म्हणे, तास उरले नाहीत. पंचेचाळिसाव्या वर्षी मम्मी घरी बसलीय. कॉलेजचा तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा असायचा ना, अजून तेवढा वेळ झाला की ती उठते. उभी राहते, काय करावं कळत नाही, परत बसते.

मला कुठं दम निघतो! लगेच लॅपटॉपवर तिचा मस्त रिझ्युम केला. पीएचडी, छापून आलेले पेपर, सगळं. इथं पालममध्येच एका शाळेला सायन्स टीचर पाहिजे होती. मम्मीनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणली, "हे डॉ. काढ. एम.एस्सी. पण काढ. बी.एस्सी., बी.एड. बस झालं."

"का गं? एवढं शिकलीस ते?"

"जास्त शिकलेली टिकत न्हाई म्हणतेत, घेत न्हाईत. मला शिकवायचंय बाळा, पाटी मिरवायची न्हाई."

मी काढलं. पीडीएफ पण केली. मग दार लावायला गेले तर पाटी चमकत होती. मिरवायची नाही म्हणणारी बाई दर रविवारी ती चिंचेनं घासते, पप्पा. मी परत आले, सगळं होतं तसं टाकलं आणि तिला न सांगता पाठवून दिलं.

चार दिवसांनी शाळेतून फोन आला. रिझ्युमवर नंबर माझा दिला होता. "तुमच्या मम्मी लय शिकलेल्या हायेत हो. आमाला साधी बाई पायजे होती." एवढंच.

मम्मीनं साडीला इस्त्री करून ठेवलीय. रोज विचारते, "आला का गं फोन?" मी म्हणते, "न्हाई अजून." मी स्वतःला सांगते, तुमच्या पाटीसाठी केलं. खरं म्हणजे मलाच मम्मी डॉक्टर पाहिजे होती, तिला फक्त वर्ग पाहिजे होता. हे पत्र तुमच्या खाकी शर्टाच्या खिशात ठेवते. तो शर्ट मम्मी कुणाला हात लावू देत नाही, पण कधीतरी तीच खिसा तपासेल, ही भीती आहे आणि थोडी आशा पण. त्याआधी मीच सांगून टाकू का तिला? तुमाला काय वाटतं, पप्पा?