रिकाम्या ओळी

३ नोव्हेंबर, सोमवार

अप्पांची फाइल उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला! सासरे जन्मभर टायपिस्ट होते हे माहीत होतं. पण कॉम्प्युटरवरही त्यांनी टाइपरायटरच चालवलाय — ओळ संपली की एंटर. परिच्छेद सुरू करायचा तर स्पेसबार पाच वेळा. मथळा मध्यभागी आणायला स्पेस, स्पेस, स्पेस! छुप्या खुणा दाखवायचं बटण दाबलं तर पडदाभर ठिपके, मुंग्या लागल्यासारखे.

मी दिवसभर लोकांचे ऑफिसचे अहवाल नीटनेटके करून देते, पोट त्यावरच. आणि माझ्याच घरात हे!

या फाइलचं पुस्तक करायचंय. पुस्तक म्हणजे आईंची स्वप्नं. सासूबाई रोज सकाळी चहा घेताना रात्री पडलेलं स्वप्न सांगायच्या. अप्पा समोर बसून टाइप करायचे. वर्षानुवर्षं. आईंना जाऊन आता दोन वर्षं झाली.

४ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या. "मधली नजर जातेय, काका. कडेचं दिसत राहील. वाचायचं असेल ते लवकर वाचून घ्या."

अप्पा म्हणाले, "माझं एकच पुस्तक आहे वाचायचं."

छापील अक्षर त्यांना आता दिसत नाही. टॅबवरच्या ई-बुकात अक्षर हवं तेवढं वाढवता येतं, म्हणून हा सगळा खटाटोप. नवरा फार उत्साहात — "ऑनलाइन दुकानात आपणच चढवू, आपणच प्रकाशक! आत्या-मावश्यासुद्धा वाचतील." अप्पा म्हणाले, "आधी माझं एकदा वाचून होऊ दे. मग जगाचं बघू."

"नाहीतर फोन वाचून दाखवेल की," नवरा म्हणाला.

"त्या फोनमधल्या बाईला माझ्या बायकोची स्वप्नं काय कळणार?"

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज अप्पांना समजावून सांगितलं. ई-बुकात पान असं पक्कं नसतंच. अक्षर मोठं केलं की ओळी आपापल्या पुन्हा मांडल्या जातात. तुम्ही जिथे एंटर मारलाय तिथे मात्र त्या मधेच तुटणार. म्हणून सगळे एंटर उपटायचे.

"घंटी वाजली की पुढची ओळ," ते म्हणाले. "आयुष्यभर तेच केलं ना." बोलता बोलता त्यांचा हात हवेत डावीकडून उजवीकडे गेला. टाइपरायटरचा दांडा सारायची सवय!

काम करताना वाचत नाही मी. वाचत बसले तर काम कधी होणार? पण आज एका ठिकाणी अडकलेच. आई एका नदीचा गुंडा करतायत, लोकरीसारखा. नदीचं टोक सापडत नाहीये. शेजारच्या बाई म्हणतात, "अहो, टोक आमच्याकडे आलंय, सकाळपासून स्वयंपाकघर ओलं आहे."

दुपारभर मला आपल्या घरातली फरशी जराशी ओली वाटत राहिली.

७ नोव्हेंबर

झालं! ओळींच्या शेवटचे एंटर गेले. ओळीने दहा-दहा, वीस-वीस रिकामे एंटर होते, तेही गेले. शोधा, बदला, सगळे बदला — एका फटक्यात! फाइल निम्म्यावर आली. आता कशी सडसडीत दिसतेय! सेव्ह केली, कॉम्प्युटर बंद केला आणि गाणं गुणगुणत भांडी घासली.

अप्पांनी दारातून विचारलं, "झालं का, साहेब?" घरात हुकूम मी सोडते म्हणून मी साहेब.

१० नोव्हेंबर, सोमवार

कुठून लिहू.

नमुना म्हणून अप्पांना पहिलं स्वप्न वाचून दाखवलं. घरात एक खोली जास्तीची सापडते. आत कुणीतरी कपडे वाळत घातलेत, अजून ओले आहेत. मी वाचत गेले. अप्पा मधेच म्हणाले, "थांबली नाहीस?"

"कुठे?"

"कपडे कुणाचे ते तिला चटकन आठवत नव्हतं. बराच वेळ गप्प होती. चहा निवला तिचा."

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. आई स्वप्न सांगता सांगता थांबायच्या, आठवायला. अप्पांची बोटं तोवर रिकामी. मग ते हळूहळू एंटर दाबत राहायचे, त्या पुन्हा बोलेपर्यंत. "ती किती वेळ गप्प बसली ते कळायला नको का, पोरी?"

त्या रिकाम्या ओळी! आईंचं गप्प बसणं होतं ते. आणि मी एका फटक्यात उडवलं.

जुनी प्रत नाही. त्याच फाइलवर सेव्ह केलं मी! दुसरी प्रत काढून ठेवा म्हणून लोकांना रोज सुनावणारी मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

११ नोव्हेंबर

अप्पा नेहमीसारखेच बोलले. त्याचंच जास्त लागलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी अप्पा स्वतःची खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आले. "वाच तू. मी सांगतो कुठे ते."

मी वाचायला लागले. जिथे आई थांबल्या असतील तिथे अप्पांची उजवी करंगळी टेबलावर पडायची. टक्. टक्. टक्. प्रत्येक टक्‌ला मी एक एंटर. मग करंगळी थांबायची आणि मी पुढचं वाक्य वाचायची. ती वाक्यं किती वेगळी लागतात आता! "ते कपडे..." आणि मग केवढी तरी शांतता... "ते आपलेच होते. म्हातारपणीचे."

शुक्रवारी हेच मी सडसडीत केलं होतं.

१७ नोव्हेंबर

ऑफिसांची कामं सरळ पुढे ढकलली. सकाळचे तास कसे जातात कळत नाही. खिडकीतलं ऊन टेबलावरून चालत जातं, मी वाचते, करंगळी वाजते. चहाचे कप चुकून तीन भरले आज. तिसरा अप्पांनीच प्यायला.

एक गंमत झाली. नदीचं स्वप्न शनिवारी झालं होतं, चुकून आज पुन्हा वाचलं. तेव्हा करंगळी जराशीच वाजली होती. आज वाजतच राहिली, वाजतच राहिली. मला राहवलं नाही. "अप्पा, परवा एवढं नव्हतं."

"आज जास्त वेळ लागला तिला," ते म्हणाले.

मी आजच्याप्रमाणे करून घेतलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं पुस्तक झालं. ई-बुक करून बघितलं आणि — एकही रिकामी ओळ नाही! रिकाम्या ओळी ते सॉफ्टवेअरच गिळून टाकतं, कचरा समजून. माझ्यासारखंच ते. खूप राग आला, मग हसूही आलं.

पुन्हा बसले. वेगळी स्टाइल बनवली, ओळीआधी मोकळी जागा सोडणारी. स्टाइलला नाव द्यावं लागतं. 'आई' दिलं. आणि जिथे करंगळी थांबायचं नावच घेत नव्हती तिथे अख्खं कोरं पान.

नवरा म्हणाला, "विकत घेणाऱ्यांना वाटेल पुस्तक बिघडलंय."

"वाटू दे!"

त्याने पानं मागे-पुढे केली. एका कोऱ्या पानावर बराच वेळ थांबला. मग भाजी चिरायला गेला.

२४ नोव्हेंबर

या वेळी धड निघालं. टॅबवर घातलं. अक्षर वाढवून वाढवून शेवटच्या टोकाला नेलं. एका पानावर जेमतेम चार शब्द मावतात. उद्या सकाळी चहाबरोबर अप्पांच्या हातात देणार. देवा, एवढं एक वाचून होऊ दे त्यांचं. बाकी काही मागत नाही.

२५ नोव्हेंबर

अप्पा खिडकीशी बसून पानं भराभर पुढे सारत होते. "दिसतंय ना?" मी विचारलं. "नाही गं. गेली अक्षरं." वाचून दाखवावं म्हणून टॅब घ्यायला हात पुढे केला, तर त्यांचं बोट थांबलं होतं. समोर कोरं पान, पांढरंशुभ्र. माझा हात त्यांनी हलकेच बाजूला केला.

"श्श्. आठवतेय ती."