पांढरी पुडी

रवि. ७ सप्टें.
साडेसातला डॉ.च्या गाडीतून सावेडीहून निघालो. विहारातली वंदना पुन्हा चुकली. पाथर्डीपलीकडचं गाव, समाजमंदिरात मोफत दवाखाना. मे महिन्यापासून एकही रविवार चुकला नाही. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून औषधं दिली. निवृत्त झाल्यावरही तेच करतेय.
डॉ. म्हाताऱ्यांचे पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन तपासतात. असा माणूस नोकरीत पाहिला नाही.
कौसाबाई, ऊसतोडीवाली. मे महिन्यात दोघींनी धरून आणली होती. आज मांडी घालून बसली. "बाई, गुडघा हाय का न्हाई त्येच कळंना!" सगळे हसले. मीही.
घरी येऊन विचार केला. झिजलेला गुडघा असा विसरता येतो?

रवि. १४ सप्टें.
सगळी औषधं माझ्या टेबलावर. गुडघे-कंबरेच्या पुड्या मात्र डॉ. घरून बांधून आणतात, स्वतःच्या हातानं देतात. विचारलं. "कॅल्शियम आहे हो ताई." मग गोळ्यांच्या पाकिटातून का नाही? तेवढ्यात पुढचा पेशंट.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तुला चांगलं माणूस बघवत नाही." असेलही. डॉ.ना जि. प.ला उभं राहायचं असेल, असं वाटलं होतं. पण त्यांनी साधा बोर्डही लावू दिला नाही, हार घालायला आलेल्या सरपंचांना परत पाठवलं. मग हवंय काय त्यांना?

बुध. १७ सप्टें.
कौसाबाईकडून एक पुडी मागून आणली होती. पांढरी भुकटी. जिभेवर कणभर ठेवली. कडू. कॅल्शियम खडूसारखं लागतं, कडू लागत नाही.

रवि. २१ सप्टें.
आज औषधं कमी दिली, चेहरे जास्त पाहिले. पुडीवाल्या बायकांची तोंडं गोल झालीत, गाल तकतकीत. त्यांना वाटतं अंग भरलं. कौसाबाई म्हणते, भूक लई लागती. दंडावर निळे डाग, कशानं पडले तिला ठाऊक नाही. साखर तपासली. वाढलेली. आधी नव्हती.
स्टेरॉइड. दुखणं दाबतं, शरीर आतून पोखरतं. आता शंका नाही. की आहे?

रवि. २८ सप्टें.
परतताना गाडीत विचारून टाकलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली. नाकारलं नाही, हेच अंगावर आलं.
"ताई, या बाईला आराम करा सांगू? चालू नका, वजन उचलू नका? तिला मोळी डोक्यावर घेऊन फडातून ट्रकवर चढायचंय. मी तिला चार महिने चालवलं."
"तिला सांगून चालवलं का?"
"सांगितलं असतं तर घेतली असती का?"
"मग ते तिनं ठरवायचं होतं."
त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली. म्हणाले, माझी आई अशीच रांगत रांगत गेली. खरं असेल. पण हे आजवर कधी बोलले नव्हते. आजच कसं आठवलं?

मंगळ. ३० सप्टें.
तक्रार लिहिली. पाकिटात घातली. टाकली नाही. दवाखाना उद्या बंद झाला तर पुड्या एकदम थांबतील. महिनोन् महिने घेतलेलं स्टेरॉइड असं एकदम बंद झालं तर बाई फडातच कोसळेल. तक्रार करून मी मोकळी होईन. त्या?

रवि. ५ ऑक्टो.
डॉ.ना म्हटलं, यादी द्या. कोणाला, किती, कधीपासून. आणि पुड्या बंद, पाकिटावर नाव छापलेल्या गोळ्या, हळूहळू कमी करत. ताबडतोब हो म्हणाले. इतकं ताबडतोब? यादीत एकवीस नावं. मला चेहरे आठवतात तीसएक.

रवि. १२ ऑक्टो.
प्रत्येकीला समजावून सांगितलं. बायका चिडल्या. "तुमी मधी पडल्यापासनं औषिध हलकं झालं." एकीनं गोळ्या टेबलावरच ठेवल्या, गेली. डॉ. लांब उभे. त्यांनी एक शब्द माझ्या बाजूनं बोलायला हवा होता. बोलले नाहीत.
कौसाबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी इतके दिस गुडघा बरा नव्हताच?"


रवि. २६ ऑक्टो.
ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. कौसाबाईला गोळ्यांची पाकिटं, वर गोल काढून दिले: दोन, मग दीड, मग एक. माझा नंबर तिच्या मोबाइलमध्ये घालून दिला. डॉ. ट्रकपर्यंत गेले, एकेकीशी बोलत होते. काय, ते ऐकू आलं नाही.

रवि. ९ नोव्हें.
दुपारी कौसाबाईचा फोन, कोल्हापूरकडून.
"बाई, हितं बी एक डॉक्टर गावला. गुडघ्याचाच हाय."
"कुणी सांगितला?"
"आपल्याच डॉक्टरांनी. निघताना चिठ्ठी दिल्ती, त्याच्या नावाची."
"चिठ्ठीत काय लिहिलंय?"
"मला कुठं वाचाया येतंय, बाई."
"कुणाकडून तरी वाचून घे. आत्ता."
"ती तर त्यानंच ठिवून घेतली. वाचली, हासला, मला पुडी दिली."
"कसली पुडी? रंग काय?"
"पांढरी. तिकडच्यावानीच."
पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज. मुकादमानं हाक मारली तिला. ठेवते म्हणाली.
डॉ.ना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला.