कच्चा टाका

ताई,

तुझ्या लेकीच्या झग्याला खाली नुसता कच्चा टाका घालून पाठवला, म्हणून तू फोनवर फणफणलीस. घालणारी समोर उभी राहिल्याशिवाय मी खालची पट्टी पक्की शिवत नाही, हे तुला ठाऊक आहे. "मग ये की, दोन गल्ल्या तर आहेत," असं तू म्हणालीस आणि मी पुन्हा गुडघ्याचं कारण पुढे केलं.

गुडघा ठणठणीत आहे गं. मागे एकदा बाजारात अचानक छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना, वाटलं, संपलं सगळं. हृदय चांगलं आहे, हा भीतीचा झटका आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हापासून चपला घातल्या की हातपाय गार पडतात.

आज मनगटाला टाचण्यांची गादी बांधून जिना उतरले. फाटकाशी पुन्हा तेच झालं. पण पळाले नाही. जीव थाऱ्यावर येईपर्यंत कठडा धरून उभी राहिले आणि मगच वर आले.

हे तुला पाठवणार नाही. तू लगेच न्यायला येशील, आणि मला माझ्या पायांनी यायचंय.

पोरीला इकडे बोलावलं असतं, तर काम कधीच उरकलं असतं. पण मग मला बाहेर पडायला निमित्त कुठलं उरलं असतं?

तुझी,
धाकटी