नाव कुणी घेतलं?

११ ऑगस्ट, सोमवार

हरले. साफ हरले! साक्षीदाराला कसं विचारावं, याचा मुख्यालयात सराव. हवालदार मल्लप्पा साक्षीदाराच्या सोंगात. त्यांना एका मारामारीचा व्हिडिओ दाखवलेला – आम्ही फक्त प्रश्न विचारायचे.

मी विचारलं, "लाल शर्टवाल्यानंच मारलं की?"

"व्हय की, मॅडम!"

मग व्हिडिओ लावला. लाल शर्ट कुणाच्याच अंगात नव्हता! खोलीभर हसू. शिकवणाऱ्या दाक्षायणी मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "फौजदारबाई, शर्ट तुम्ही शिवलात. त्यांनी नुसता घातला."

१२ ऑगस्ट

आज पुन्हा मीच पहिला हात वर केला. "काय बघितलं, सांगा," एवढंच म्हटलं आणि गप्प. गप्प बसणं किती अवघड! मल्लप्पा तंबाखू मळतायत, मी ओठ दाबून बसलेय. शेवटी बोलले – आणि घडलं तेवढंच बोलले.

मागून कुणीतरी, माझ्या गावावरून, "सांगोल्याची नाटक कंपनी आली!" येऊ दे. कॉलेजात गेले तेव्हाही भावकी हसलीच होती.

१३ ऑगस्ट

डोक्यातून जात नाही – कमलम्मा. यंत्रमाग कारखान्याच्या मुकादमाला मारलं, ते बघणारी ती एकटी. घरी तेलुगू, मराठी तोडकंमोडकं. मी जबाब घेताना ती म्हणाली, "गुंडा होता." मी लगेच, "इथला हमाल गुंडाच की?" – "व्हय."

त्या एका 'व्हय'वर तो गुंडा नावाचा हमाल नऊ दिवस कोठडीत आहे.

१४ ऑगस्ट

ठाण्याचे प्रमुख उदयसिंह साहेबांकडे कमलम्माचा पुन्हा जबाब घ्यायची परवानगी मागितली.

"आरोपी आत आहे. आता कशाला उकरताय? अजून परिवीक्षाधीन आहात, मॅडम. स्वतःचीच चूक चव्हाट्यावर आणणार?"

"हो सर, आणणार!"

साहेबांनी चिडूनच परवानगी दिली.

१६ ऑगस्ट

कमलम्माच्या दारात बसले. "काय बघितलं, सांगा." आणि गप्प.

"तोंडाला रुमाल होता. कोण ते काय म्हाईत?... नाव? नाव मी कुटं सांगितलं? गुंडा म्हणजे गुंडा! मारामारी करणारा! हमाल तुमी म्हणले. पोलीस म्हणल्यावर मी व्हय म्हणले."

आमच्याकडं गुंडा हे घरोघरचं नाव. तिच्या घरी ती शिवी.

पुरवणी जबाब साहेबांपुढं ठेवला. वाचून म्हणाले, "पहिला कुठल्या गाढवानं घेतला, तेही लिहा."

लिहिलं. पूर्ण नाव, हुद्द्यासकट.