खंबुलाच्या डोंगरावरून दादाला आणताना

१० एप्रिल १८८६
काल खंबुलाला पोचलो. मिशनच्या शाळेत आता मी मास्तर! मामबाथा नावाच्या विधवेच्या आवारात राहायला झोपडी मिळाली. मका दारापर्यंत आलेला, आंबट दूध हवं तेवढं. म्हातारीची जीभ मात्र भारी तिखट. माझी पेटी उघडून बघितली आणि म्हणाली, "बायको नाही, गाय नाही, नुसती पुस्तकं. दूध देतात का रे ही?" मी म्हटलं, देतात आजी, धार काढता आली पाहिजे. पोट धरून हसली.

१४ एप्रिल
आज तिला खरं सांगितलं. या शाळेसाठी पाद्रीबाबांच्या मागे लागलो ते दादासाठी. दुमेझ्वेनी, माझा थोरला भाऊ, आमच्या राजाच्या उवे पलटणीतला. ती सगळ्यांत कोवळ्या पोरांची पलटण. सात वर्षांपूर्वी याच डोंगरावर गोऱ्यांच्या तोफांपुढे पडला. त्याआधी इसांडलवानाला गोऱ्यांना हरवलं ती जीत सगळे गातात, खंबुलाचं नाव कोणी काढत नाही. पुढे आमच्यातच मारामाऱ्या पेटल्या आणि त्याला आणायला कोणी गेलंच नाही. आईची नजर गेलीय. रोज झोपडीच्या मागच्या अंगाला ती त्याच्यासाठी ज्वारीच्या दारूचं भांडं ठेवते, आणि लेक अजून वाटेवरच आहे म्हणून रडते. तिचे फार दिवस उरलेले नाहीत. त्याआधी दादा घरी यायलाच हवा. पाद्रीबाबांना कळलं तर नोकरी जाईल. जाऊ दे.

मामबाथाने बोरीची काटेरी फांदी तोडून दिली. माणूस मेला त्या जागी त्याचं नाव घ्यायचं, त्याच्या आत्म्याला फांदीवर घ्यायचं, आणि घरापर्यंत त्याच्याखेरीज कोणाशी अवाक्षर बोलायचं नाही, नाहीतर तो वाटेतच राहतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिने एकच बजावलं, "फक्त आपल्या माणसाला हाक मार. तिथं फार पोरं कान लावून पडलीत."

२२ एप्रिल
ईस्टरची सुट्टी लागली तसा डोंगरावर गेलो. गोऱ्यांनी आमचे सगळे एकत्रच पुरलेले, वर गवत कंबरेएवढं. दादाचं नाव घेतलं, बापाचं नाव जोडून घेतलं, घसा बसेपर्यंत. फांदी हलकीच. मला रडू फुटलं. आणि वर्गात ओरडतो तसा ओरडून बसलो, "उवेच्या पोरांनो, दुमेझ्वेनी तुमच्यात आहे का रे?"

फांदी जड झाली. दोन्ही हातांनी ओढावी लागली इतकी. आनंदाने मी वेडा झालो. म्हटलं, चल दादा, आई वाट बघतेय.

२३ एप्रिल
फांदी बघून लोक ओळखतात आणि वाटेतून बाजूला होतात. काही विचारत नाहीत. रीतच आहे ती. पण मी गेल्यावरही ते वाटेवर परत येत नाहीत. मागे वळून पाहिलं, तर अजून बाजूलाच उभे, माना खाली घालून. कोणाला तरी जाऊ देत होते.

२४ एप्रिल
दुपारी एका घरी टेकलो. बाईने माझ्यापुढे वाडगा ठेवला. मग माझ्या मागे पाहिलं आणि आणखी एक ठेवला. मग घरातली होती नव्हती ती सगळी भांडी आणून मांडली. मला विचारताही येईना. बोललो तर दादा गेला.

२५ एप्रिल
आता आवाज येतात. कोवळे. मिसरूडही फुटलं नसेल. दादा, तूच ना? विचारलं. हो म्हणाले — सगळेच. एक विचारतो, माझी आई असेल का रे अजून? एक नुसता रडतो. भीती वाटते, आणि पोटात तुटतंही. कुठे सोडू यांना? फांदी टाकली तर दादाही —

२६ एप्रिल
घर दिसतंय. आई दारात. हात पसरून. दुमेझ्वेनी, ये रे बाळा, म्हणतेय. ओरडायला हवं — आई, आत जा, दार लाव — एक शब्द, आणि दादा कायमचा —

नाही ओरडलो.

अजून दारातच
आत शिरले सगळे. आई एकेकाला चाचपतेय. तू माझा ना रे? हो आई. आणि तू? हो आई. किती गार पडलात रे, म्हणतेय. तिचा आवाज बारीक होत चाललाय —

फांदीला अजून एक जण धरून आहे. मागे पडलेला, धापा टाकतोय. हा दादा. ओळखला मी. आईला हाक मारतोय, आत घुसायला बघतोय, पण आत जागाच —