अक्कांचं तिकीट

८ जानेवारी १९९६, सोमवार

ठरलं! मंडळ मुंबईला विमानानं जाणार. दहा बायका, विमान इंदूरहून, दहा फेब्रुवारीला. भजन स्पर्धेचं पत्र आलं तेव्हाच मी म्हटलं होतं, अक्कांना रात्रभर रेल्वेत बसवायचं नाही. त्यांची कंबर दुखते, आणि पेटी वाजवणार त्याच. त्यांच्याशिवाय आम्ही नऊ जणी म्हणजे नुसता टाळांचा गोंगाट.

अक्का बहात्तर वर्षांच्या. विमानाचं ऐकून लहान पोरीसारख्या झाल्या. "उषे, वरून क्षिप्रा दिसेल का गं?" म्हटलं, दिसेल की! (देव जाणे. मी तरी कुठे बसलेय विमानात.)

तिकिटांचं काम माझ्याकडे. जयू म्हणाली, "उषाच करेल, तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं." मी फुशारले.

९ जानेवारी

फ्रीगंजात श्रीनाथजींच्या ट्रॅव्हल एजन्सीत गेले. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "भाभीजी, एक-एक नाम बोलिए." नऊ नावं धडाधड सांगितली — नाव, आडनाव, वय. दहावं सांगितलं, "अक्का."

"अक्का क्या? पूरा नाम?"

"कल बताती हूँ," म्हणून बाहेर पडले.

बावीस वर्षं! समोरच्याच घरात राहतात त्या. मी लग्न होऊन आले तेव्हा हिंदी येत नव्हतं, भाजीवाल्याशी बोलायला त्यांनीच शिकवलं. परागला चाळीस दिवस त्यांनी न्हाऊ घातलं. आणि मला त्यांचं नाव माहीत नाही! पानसे, एवढंच. दारावरची पाटी 'विष्णू नारायण पानसे' — ते जाऊनही पंधरा वर्षं झाली.

११ जानेवारी

मंडळात सगळ्यांना आडून आडून विचारून बघितलं. कुणालाच ठाऊक नाही. जयू म्हणाली, "अक्काच ना? और क्या?" दिलीप हसले. "अगं, सरळ जाऊन विचार ना." नवऱ्याचं काय जातंय बोलायला! विचारायचं म्हणजे इतकी वर्षं विचारलं नाही हे तोंडानं कबूल करायचं. दोनदा त्यांच्या ओट्यापर्यंत गेले, दोन्ही वेळा साखर मागून परत आले. घरात साखरेचा डबा उतू चाललाय.

१३ जानेवारी

सापडलं! अक्कांनी तिळाच्या वड्या पाठवल्या, पितळी डब्यातून. डबा घासून पालथा घातला तर बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं — 'सौ. अंबिका विष्णू पानसे'. काखेत कळसा नि गावाला वळसा! तशाच ओल्या हातानं श्रीनाथजींना फोन लावला. कुणाला काही कळलंही नाही. सुटले बाई.

२२ जानेवारी

कुठे तोंड लपवू?

तालमीला तिकिटं वाटली. सगळ्या आपापलं नाव वाचून खिदळत होत्या. अक्कांनी चष्मा लावला. तिकीट जवळ धरलं, लांब धरलं. "हे नाव कुठून आणलंस?"

"तुमच्या डब्यावरून..."

"ती मी नव्हे गं. ती आमच्या ह्यांची पहिली. बाळंतपणात गेली." चष्मा काढून त्याच्या घरात ठेवला. "भांडी तिचीच होती. चोपन्न वर्षं घासली. विमान तेवढं माझं, म्हणून निघाले होते."

जयू म्हणाली, "अहो अक्का, चालतंय हो, कौन देखता है!" अक्कांनी पेटी उघडली, सूर धरला. त्यांचा हात एकदाही चुकला नाही. माझा टाळ मात्र शेवटपर्यंत चुकत राहिला.

आणि सगळ्यात लाजिरवाणं हे — तेव्हासुद्धा मी विचारलं नाही, मग तुमचं नाव काय?

२४ जानेवारी

अक्का तालमीला आल्या नाहीत. गुडघा धरलाय म्हणे. सकाळी त्याच गुडघ्यांनी महाकालला जाऊन आल्या. मी खिडकीतून बघितलं ना!

२६ जानेवारी

गेले शेवटी. साखर न मागता. दारातच विचारलं, "अक्का, तुमचं नाव काय?"

"आज विचारलंस?" म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हसल्या.

म्हणाल्या, तिकीट चुकलेलं नाहीच. कागदावर त्या अंबिकाच! लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात, तिथे पहिलीचंच लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, भांड्यांवर नाव आहेच, पुन्हा कुठे कोरत बसायचं. मग रेशनकार्डावर तेच, मतदार यादीत तेच. पुढे गल्लीतलं कुणी तरी अक्का म्हणालं. अक्कांनी ते धरून ठेवलं. "अक्का तरी माझी मीच होते."

माहेरच्या रेवा. रेवा सप्रे, धारच्या. "चौथीत शाळा सुटली. बाई हजेरी घ्यायच्या, तेव्हा पूर्ण नाव ऐकायचे. नंतर नाही." मग पदर सावरून म्हणाल्या, "जाईन तर रेवा म्हणून. नाहीतर तुम्ही नऊ जणी जा. आणि मंडळात बोलू नकोस, उगाच कीव करतील."

मलाच रडू आलं. पाणीही त्यांनीच आणून दिलं. पितळी पेला होता. मी बुड बघितलं नाही.

२९ जानेवारी

श्रीनाथजी म्हणतात, "नाम नहीं बदलता भाभीजी. टिकट रद्द होगा, फिर नया बनेगा. सीट मिली तो." ओळखपत्र कुणी मागत नाही, पण विमान भरलंय. अक्कांना सांगितलं. "कर रद्द," म्हणाल्या. केलं. नवा फॉर्म मीच भरला. आता वेटिंगमध्ये.

सीट गेली तर माझ्यामुळे गेली. मग मीही जाणार नाही. दिलीपना अजून बोलले नाही.

५ फेब्रुवारी

वेटिंगच. रोज फोन करते. श्रीनाथजी माझा आवाज ऐकूनच "नहीं" म्हणतात. अक्का तालमीला येतात, पेटी वाजवतात, तिकिटाचं अवाक्षर काढत नाहीत. त्यांच्याकडे बघवत नाही मला.

८ फेब्रुवारी

मिळाली!! देवापुढे साखर ठेवली. घरात आहेच भरपूर.

१० फेब्रुवारी, मुंबई

इंदूरला काउंटरवरची मुलगी एकेकीचं नाव पुकारून बोर्डिंग पास देत होती. आम्ही भैरवगढच्या छाप्याच्या एकसारख्या साड्या नेसून रांगेत. "रेवा सप्रे." कुणी हललं नाही. "रेवा सप्रे?" जयू म्हणाली, "ये कौन है? अपने में तो नहीं है." आणि मी — मीच ते नाव फॉर्मवर लिहिलेलं — मीसुद्धा मान वळवून मागे बघितलं, कोण बाई आहे म्हणून!

तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा अक्कांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला, वर केला, आणि अख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हजर!"